बकऱ्या दिल्या, मशीन दिलं. जंगलाचं काय झालं?

चोपडा तालुक्यात अडावदच्या बाजाराला आईचा हात धरून जायचो तेव्हाची गोष्ट. बाजाराच्या कडेला सातपुड्यातून उतरलेल्या बाया सरपणाच्या मोळ्या टेकवून बसलेल्या असायच्या. घरच्या बंबाला लागायची म्हणून आई एक मोळी घ्यायची. पुष्कळ वर्षांनी त्याच डोंगराच्या पायथ्याशी एका बाईशी बोलत होतो. मोळी विकणं सुटावं म्हणून तिला एका योजनेतून बकऱ्या मिळाल्या होत्या. ती म्हणाली, "बकऱ्या तं देल्या भाऊ, पन चारू कुठी?"

गावाभोवतीची गायरानं वहितीखाली गेली होती. बकऱ्या चरायला जंगलातच जाणार होत्या. म्हणजे जंगलावरचा भार कमी व्हावा म्हणून दिलेली वस्तू त्याच जंगलात, कोवळ्या रोपांवर तोंड टाकणार होती.

धुळे, नंदुरबार, जळगावच्या वर्तमानपत्रांत ‘जंगलालगतच्या गावांना पर्यायी उपजीविका’ ही बातमी अधूनमधून येतच असते. कधी शेळीवाटप असतं, कधी मधपेट्या, कधी शिलाई मशीन. वाटप झालं की बातमी संपते. त्यानंतर झाडं वाचली का, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. या लेखात तोच धरून पुढे जाऊ.

आधी शब्द समजून घेऊ

उपजीविका म्हणजे पोट भरण्याचं साधन. जंगलातून सरपण, लाकूड, शिकार किंवा चराई यावर ज्यांचं पोट चालतं त्यांना दुसरं काम द्यायचं, म्हणजे जंगलावरचा ताण उतरेल, असा हिशेब पर्यायी उपजीविकेमागे असतो. हिशेब ऐकायला सरळ आहे आणि त्यामागची कणवही खरी आहे. जंगल वाचवायचं म्हणून माणसांना हुसकून लावण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम देणं कधीही चांगलं.

जैवविविधता हा शब्द जड वाटतो. एखाद्या ठिकाणी किती तऱ्हेचे जीव नांदतात आणि ते एकमेकांच्या आधाराने कसे जगतात, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडचं उदाहरण वनपिंगळ्याचं. हे छोटं घुबड बरंचसं दिवसाउजेडी वावरतं. शास्त्रज्ञांनी १८७३ साली त्याची नोंद केली. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा कुणालाच मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून मोजके सात नमुने होते, आणि पक्षी नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो पुन्हा दिसला तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानी जंगलात. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो सापडला. आपल्या अंगणातलं हे धन जगाला पुन्हा कळलं त्याला अजून तीस वर्षंही झालेली नाहीत.

वनपिंगळ्याला घरटं करायला झाडाची ढोली लागते. ढोली धरते ती जुन्या, जाड बुंध्याच्या झाडाला. पाच वर्षांच्या रोपवनात ती मिळत नाही. म्हणून ‘इतकी हजार झाडं लावली’ ही बातमी चांगली असली तरी वनपिंगळ्याला तिचा फार उपयोग नाही. उभं असलेलं जुनं झाड टिकणं त्याला जास्त गरजेचं आहे.

कापूसवाल्याने म्हैस घेतली, तर कापूस सोडतो का?

पर्यायी उपजीविकेच्या हिशेबात पहिली गफलत इथे होते. नवं काम आलं की जुनं सुटेल असं गृहीत धरलं जातं. आपल्याच घरातली उदाहरणं घ्या. कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याने दोन म्हशी घेतल्या म्हणून तो कापूस बंद करत नाही. उलट दुधाचे पैसे दर आठवड्याला हातात येतात म्हणून कापूस भाव येईपर्यंत घरात ठेवायची सोय होते. शेणखत मिळतं ते वेगळंच.

गॅसचंही तसंच. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत सिलिंडर पोचले. पण चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, अशी विभागणी कितीतरी घरांत आजही आहे. सिलिंडर भरायला रोख रक्कम लागते, काडीकुडी मात्र पायपिटीच्या मोलाने मिळते.

जंगलालगतच्या माणसाच्या डोक्यातही हेच गणित असतं. ज्याची शेती पावसावर अवलंबून असते तो एका कामावर भिस्त ठेवत नाही. थोडी ज्वारी, थोडा मका, मोहाची फुलं, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोड, मधे मोळी. एक बाजू बुडाली तर दुसरी तारेल म्हणून हे सगळं एकत्र चालतं. त्यात शिलाई मशीन आलं तर ते यादीत आणखी एक काम म्हणून बसतं. कमाई वाढते ही चांगलीच गोष्ट आहे, पण मोळी सुटेलच याची हमी नाही. आलेल्या पैशातून कुणी आणखी चार जनावरं घेतली तर चराई वाढते.

म्हणून कुठल्याही योजनेला पहिला प्रश्न हा विचारावा: हे नवं काम जुन्या कामाच्या जागी येणार की त्याच्या भरीला? जागी येणार असेल तर कशामुळे?

गाव म्हणजे एक माणूस नव्हे

कागदावर लिहिलेलं असतं, ‘अमुक गावातील ग्रामस्थांना लाभ’. पण गावात मोळी विकणारी वेगळी असते, लाकूड तोडून नेणारा वेगळा, ज्याच्याकडे दोन बैलजोड्या आहेत तो वेगळा. प्रशिक्षणाला कोण येतं? ज्याला दिवसाची मजुरी बुडवणं परवडतं तो. कर्जाचा हिस्सा कोण भरतं? ज्याच्याकडे थोडं शिल्लक आहे तो. भूमिहीन विधवा पहाटे उठून डोंगर चढते, तिच्यापर्यंत सभेची वेळसुद्धा पोचत नाही.

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या भागांत आणखी एक अडचण आहे. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे ऊसतोडीला जातात आणि बहुतेक होळीच्या सुमाराला परततात. होळीच्या तोंडावर भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात गर्दी दिसते ती याच परतलेल्या माणसांची. योजना राबवणाऱ्यांची वर्षअखेरीची लगबग नेमकी या रिकाम्या महिन्यांत असते. सभा होते, सह्या होतात, आणि ज्यांच्यासाठी योजना आहे ते बारडोलीकडे कोयता चालवत असतात.

बायकांचा प्रश्न याहून खोल आहे. मोह वेचणं, डिंक आणि चारोळी गोळा करणं, रानभाज्या आणणं, सरपण वाहणं, हे बहुतांश बायकांचं काम. जंगलात कोणतं झाड कमी झालं हे त्यांना आधी कळतं, कारण त्यासाठी दोन कोस जास्त चालावं लागतं. तरी समितीत त्यांचं नाव अनेकदा संख्या भरण्यापुरतंच येतं.

कुऱ्हाड कुणाच्या हातातली?

"आदिवासीच जंगल तोडतात," हे वाक्य आपल्या शहरांत सर्रास ऐकू येतं. सातपुड्यात अतिक्रमणं झाली आहेत. १९६९ साली जाहीर झालेल्या यावल अभयारण्यातसुद्धा ती आहेत, ते नाकारून चालणार नाही. पण हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडू.

१८७८ च्या वन कायद्याने जंगलं सरकारी राखीव झाली आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आपल्याच रानात परके ठरले. सागवान रेल्वे आणि इमारतींच्या कामाला गेलं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात आपल्या अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुव्यातली ३३ गावं बाधित झाली. त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र मोकळं करण्यात आलं. धरणग्रस्तांना जमीन मिळायलाच हवी होती. पण तेवढं जंगल एका निर्णयाने गेलं, आणि त्यात मोळीवालीचा काही हात नव्हता.

सागाची चोरटी वाहतूक हाही असाच विषय. रात्री गाडी भरून लाकूड नेणारी साखळी शहरातल्या मागणीवर चालते. गावातल्या शंभर घरांना मधपेट्या दिल्या तरी त्या गाडीचं चाक थांबत नाही. म्हणून दुसरा प्रश्न: नुकसान नेमकं कोण करतंय, आणि योजना त्याच्यापर्यंत पोचते का? गावाबाहेरून येणाऱ्या कुऱ्हाडीला गावातली बकरी हे उत्तर होत नाही. तिथे नाके, गस्त आणि खटले लागतात.

परिणाम मोजले का?

जगभर अशा योजनांवर दशकानुदशकं पैसा खर्च झाला. २०१५ साली अभ्यासकांनी त्यांचा मोठा आढावा घेतला. त्यांच्या निकषांत बसणारे १०६ प्रकल्प निघाले. जंगलावर, प्राण्यांवर किंवा माशांवर काय परिणाम झाला हे त्यातल्या अवघ्या २१ प्रकल्पांनी तपासलं होतं. त्या २१ मध्येही काहींनी फायदा दाखवला, काहींत फरक पडला नाही.

म्हणजे पाचातल्या चार जणांनी औषध दिलं आणि ताप उतरला का ते पाहिलंच नाही. योजना वाईट होत्या असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्या चांगल्या होत्या असाही निघत नाही. किती बकऱ्या वाटल्या याची पावती असते. जंगलात किती नवे खुंट दिसले याची नोंद नसते. मला हे फार अस्वस्थ करतं, कारण या न मोजण्याची किंमत शेवटी त्याच गावाला मोजावी लागते. दहा वर्षांनी कुणीतरी म्हणतं, "एवढं दिलं तरी हे लोक सुधारले नाहीत."

बारीपाड्याने उलट्या क्रमाने काय केलं

साक्री तालुक्यातलं बारीपाडा आता सगळ्यांना माहीत आहे. तिथले चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा खानदेशात आनंद झाला. पण त्या कौतुकात कामाचा क्रम बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारीपाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटत होत्या. गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ठरवली, राखण लावली, तोडणाऱ्याला दंड ठेवला. पाणी अडवायला बंधारे आणि चर खोदले. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल गावाने असं राखलं. जंगल उभं राहिलं तसं विहिरींना पाणी टिकलं. पाणी टिकलं म्हणून भात सुधारला, दुसरं पीक घेता आलं, भाजीपाला आला.

आता पाहा, इथे नवी कमाई जंगलाला ‘पर्याय’ म्हणून आली नाही. ती जंगलाच्या मुळांतून आली. झाडं गेली तर विहीर जाईल आणि विहीर गेली तर रब्बी जाईल, ही साखळी गावातल्या प्रत्येकाला दिसते. त्यामुळे राखणीला वेगळं भाषण लागत नाही.

बारीपाड्यात रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते, ती मला सगळ्यात जास्त आवडते. तरोटा, कुर्डू, केना, शेवळं, बांबूचे कोंब अशा भाज्या बाया स्वतः ओळखून, शिजवून मांडतात. कोणती भाजी कोणत्या उतारावर आणि कोणत्या पावसानंतर उगवते, कोणती कच्ची खाल्ली तर घसा खवखवतो, हे ज्ञान पुस्तकात नसतं. बाहेरून आलेले पाहुणे ती चव घेतात तेव्हा जंगलाचं मोल ताटात दिसतं, आणि ते मोल जाणणाऱ्या बाईचा मानही वाढतो.

"म्हणजे जंगलातला माल विकला की झालं?"

एवढं सोपं नाही. जंगलावर आधारलेली कमाईसुद्धा जंगल खाऊ शकते.

मोहाचं उदाहरण घ्या. फुलं पहाटे गळतात. झाडाखाली पाचोळा असला तर ती दिसत नाहीत, म्हणून मोसमाच्या तोंडावर कुणी पाचोळा पेटवतं. कोरड्या दिवसांत ती आग झाडाच्या सावलीपुरती राहत नाही. डोंगरच्या डोंगर पेटतो, वरची रोपं जळतात, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी अंथरली तर हे टळतं. फुलं मातीत पडत नाहीत, स्वच्छ राहतात. पण त्या स्वच्छ फुलांना व्यापारी वेगळा भाव देणार नसेल, तर जाळीचा खर्च कोण करेल?

चारोळीचं दुखणं वेगळं. फळ पिकायला थांबावं तर दुसरा कुणी आधी नेतो. मग कच्चंच काढलं जातं, घाईत फांदीच छाटली जाते. डिंकासाठी सालई आणि धावड्याला कुऱ्हाडीने खोल घाव घातले की दोन वर्षं डिंक जास्त येतो आणि मग झाड वाळतं. घाव घालणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. आपण नाही घातला तर उद्या दुसरा घालेल, हेही त्याला माहीत असतं.

सामायिक विहिरीवर पाळ्या ठरलेल्या नसल्या की प्रत्येक जण मोटर आधी चालू करायला धावतो. माणसं हावरी असतात म्हणून हे घडतं असं नाही. उद्या पाणी उरेल याचा भरवसा नसतो. पाळी लावून दिली की तीच माणसं शांतपणे वाट पाहतात.

हक्काचा कागद कशाला लागतो

ही पाळी लावण्याचा अधिकार २००६ च्या वन हक्क कायद्याने ग्रामसभेला दिला. त्यात दोन प्रकारचे हक्क आहेत, आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. पहिला वैयक्तिक: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी स्वतः वनजमीन कसतो आहे त्याला तिचा हक्क. दुसरा सामूहिक: गाव परंपरेने जे जंगल वापरतं तिथली गौण वनउपज, म्हणजे लाकूड सोडून मोह, डिंक, तेंदूपान, बांबू असा माल, गोळा करून विकण्याचा हक्क. ते जंगल राखण्याचा आणि त्याचे नियम ठरवण्याचा हक्कही त्यातच येतो.

इथे हमखास आक्षेप येतो: "हक्क दिले तर उरलंसुरलंही संपेल." जिथे फक्त वैयक्तिक तुकड्यांवर चर्चा अडकली, तारखेनंतरची नांगरटही जुनी म्हणून दाखवली गेली, तिथे ही भीती खरी ठरली आहे. पण सामूहिक हक्काचं काम नेमकं उलट्या दिशेने चालतं. जंगल कुणाचंच नाही म्हटलं की ते पहिल्या येणाऱ्याचं होतं. ते आपल्या ग्रामसभेचं आहे असं कागदावर आलं की बाहेरच्याला अडवता येतं, चारोळी अमुक तारखेआधी तोडायची नाही असं ठरवता येतं. गावाने नुसता कागद मिळवून कपाटात ठेवला, समिती केली नाही, नियम केले नाहीत, तर मात्र काहीच बदलत नाही. हेही घडतं.

शेताच्या बांधावरचं जंगल

जैवविविधता अभयारण्याच्या हद्दीत संपत नाही. धडगावकडे उन्हाळ्यात उतारावर, ओट्यावर, जागा मिळेल तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतात. त्याचं आमचूर होतं आणि व्यापाऱ्यामार्फत दूरवर जातं. ही गावठी आंब्याची झाडं प्रत्येक घराची ओळखीची असतात. दरवर्षी चार पैसे देणारं झाड सहसा कुणी तोडत नाही. पण कैरी सोलण्या-कापण्यात बायकांचे दिवस जातात आणि भावाची चावी व्यापाऱ्याच्या हातात राहते. इथे सरकारला किंवा संस्थांना काही करायचं असेल तर वाळवणाची चांगली सोय, साठवणुकीची जागा आणि एकत्र विक्री हे करावं. नवा धंदा शोधायची गरज नाही, आहे त्यालाच बळ द्यायला हवं.

बियाण्यांचंही तसंच. मोलगीची भगर नावाजलेली आहे. धडगाव भागात बायफ संस्थेने गावकऱ्यांसोबत मका, ज्वारी आणि भरडधान्यांच्या गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली. एका शेतातली दहा तऱ्हेची कणसं हीसुद्धा जैवविविधताच, आणि पाऊस लांबला तर त्यातलं एखादं तरी पदरात पडतं.

पर्यटनाबद्दल थोडक्यात. तोरणमाळला लोक येतात, येवोत. पण चहाच्या दोन टपऱ्या आणि गाडीतळाच्या पावत्या यातून किती घरांचं भागतं ते आधी पाहावं, मग मोठी स्वप्नं दाखवावीत.

"ही मोजणी करायला तज्ज्ञ कुठून आणायचे?"

बरीचशी मोजणी गावालाच करता येते. जंगलात चार-पाच जागा ठरवून घ्यायच्या, झाडांवर रंगाची खूण करायची, आणि दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी नवे खुंट, नवी रोपं आणि ढोलीची झाडं मोजायची. बाजाराच्या दिवशी पायवाटेवर किती मोळ्या उतरतात हे शाळेतली पोरंही मोजू शकतात. जळलेल्या डोंगराचा मोबाइलवर फोटो काढून तारीख घालायची. बायकांना विचारायचं: मागच्या वर्षीपेक्षा सरपणाला लांब जावं लागतं का? योजना सुरू होण्याच्या आधी एक वर्ष ही नोंद झाली, तर पुढची तुलना कुणाला खोडता येणार नाही.

त्यासाठी वहीसुद्धा नवी आणायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती ग्रामपंचायतीत मागून पाहा. त्यातली भाजीपाल्याची, झाडांची, पक्ष्यांची नावं गावातल्या म्हाताऱ्या बायांना वाचून दाखवा. कुठलं नाव गाळलंय आणि कुठलं झाड आता उरलेलं नाही, ते त्या लगेच सांगतील. आणि ही फेरी होळीनंतर, ऊसतोडीची माणसं गावात परतल्यावर करा, म्हणजे मोळी विकणारी बाईही सभेला असेल आणि बकऱ्या चारायच्या कुठे, हे तिला सगळ्यांसमोर विचारता येईल.